हिरामण मास्तरांची कॅसेट

हिरामण मास्तरांनी एखादी कॅसेट चांगली म्हटली, की अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत ती चांगलीच असायची. नाही म्हणायची बिशाद कुणाची! मास्तर अंबरनाथच्या बुवापाड्याजवळच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि इथल्या एका साप्ताहिकात गाण्यांच्या नव्या कॅसेटींवर लिहायचे. 'निळी स्तब्धता' या कॅसेटवर लिहिलेला लेख तर त्यांनी फ्रेम करून घरातल्या भिंतीवर लावला होता. मुंबईच्या पेपरांनी त्या कॅसेटला युगप्रवर्तक म्हटलं होतं. मास्तर त्यांच्याही एक पाऊल पुढे गेले आणि 'यानंतर संगीत पूर्वीसारखं राहणार नाही' असं लिहून मोकळे झाले. संगीत बिचारं होतं तसंच राहिलं, पण मास्तरांचं नाव झालं.

तर अशा माणसाच्या घरात बदलापूर गावातली बकुळा सून म्हणून जाणार होती. सन एक्याण्णव. बकुळा दहावी शिकलेली, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेन बसवायचं काम करायची. मास्तरांचा मुलगा धर्मराज अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर. मुलगा शांत, मुलगी हुशार, दोघं एकमेकांना पसंत. साखरपुडा झाला, पेढे वाटले, आणि मग सगळ्यांसमोर मास्तरांनी पिशवीतून ती कॅसेट काढली. लेबलवर हिरव्या शाईत त्यांचं नाव आणि खाली 'जपून वापरावी'.

"बकुळा, आमच्या घरात यायच्या आधी ही ऐक," मास्तर म्हणाले. "दोन्ही बाजू. ऐकून परत कर."

एवढ्यावर थांबले असते तर काही म्हणणं नव्हतं. पण मास्तर पुढे म्हणाले, "आणि हळदीला ती धवलारीण वगैरे नको. शिकलेल्या घरातलं लग्न आहे. त्याऐवजी आपण हीच कॅसेट लावू."

बकुळाची आई राजाबाई पेढ्याचा घास तोंडात तसाच ठेवून बसली. धवलारणीशिवाय हळद? बदलापूर गावात लग्नात नवरदेव उशिरा आला तर चालतं, पण धवलारीण वेळेवर पाहिजे. ती सगळ्या देवांना नावानं बोलावते, मांडवाला, जात्याला, हळदीला धवळे गाते, तेव्हा कुठे लग्न लागल्यासारखं वाटतं. आणि गावची धवलारीण म्हणजे बनूबाई. राजाबाईचं लग्न तिनेच गाऊन लावलं होतं. बकुळा लहानपणापासून बनूबाईला सांगत आली होती, 'माझ्या हळदीला तू सगळ्यात मोठा धवळा म्हणायचास.' पण मुलीकडच्या माणसांनी तिथे तोंड उघडायचं कसं? सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळे सरबत प्यायले.

बकुळाने कॅसेट ऐकली. खोटं कशाला सांगू, मन लावून ऐकली. कारखान्यातून आली, हातपाय धुतले, भावाच्या टेपरेकॉर्डरपुढे मांडी घालून बसली. आधी बराच वेळ काहीच नाही. तिला वाटलं मशीन बिघडली. मग कुणीतरी एक सुस्कारा टाकला. मग एक तार वाजली, टुंग. मग पुन्हा काही नाही. मग एक माणूस अगदी दमलेल्या आवाजात म्हणाला की आभाळ निळं आहे. दुसऱ्या गाण्यात त्याने तेच पुन्हा सांगितलं. तिसरं गाणं आलं तेव्हा बकुळा भिंतीला टेकून घोरत होती.

तिने चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा तिला झोप लागली. आता दुसऱ्या कुणाला कॅसेटचा राग आला असता. बकुळाला स्वतःचा आला. एवढे शिकलेले लोक वाहवा करतात आणि आपल्याला काहीच कळत नाही, म्हणजे आपलंच डोकं रिकामं! आठवड्याभराने मास्तर बाजारात भेटले आणि त्यांनी विचारलं, "कशी वाटली?" तेव्हा तिने त्यांच्याच लेखातला एक शब्द पुढे केला.

"खोल आहे," ती म्हणाली.

"खोल! वा! अगदी नेमकं बोललीस," मास्तर खूश झाले. धर्मराज बाजूला उभा होता, त्याने नजर चपलेकडे वळवली. बकुळा घरी आली ती रडकुंडीला येऊनच. जन्मभर असंच बोलायचं? सकाळी चहा देताना खोल, संध्याकाळी भाकऱ्या थापताना खोल?

आता बनूबाईचं ऐका. साखरपुड्याला तीन महिने झाले तेव्हा तिला कळलं की या लग्नात आपल्याला आवतान नाही. म्हातारी तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, ती लुगडं नेसून, मोठं कुंकू लावून बकुळाच्या दारात हजर.

"तुझ्या सासऱ्याला नको तर नको," ती म्हणाली. "पण मी तुला शब्द दिलाय. तुझे धवळे मी आज इथेच गाते. माझा गला आता फार दिवस नाय चालायचा गो."

बकुळाने पाट मांडला, दिवा लावला, सुपारी ठेवली. आणि तिच्या मनात आलं, हा आवाज ठेवून द्यायला हवा. घरात एक कोरी कॅसेट होती, कॅम्प पाचमधून आणलेली, वर छापलेलं 'मेड इन यूएसए'. ही यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे कॅम्प पाचमध्ये शेंबडं पोरही सांगतं! मशीनमध्ये घातली आणि बटण दाबलं, तर घर्र करून आतली फीत बाहेर. अर्धा हात फीत चाकात गुंतली.

"बनूबाय, जरा थांब, मी दुसरी घेऊन येते."

"दिवा लागलाय," बनूबाई म्हणाली. "धवलारीण पाटावर बसली की गाऊनच उठते. अपशकुन करतेस काय?" आणि तिने डोळे मिटले.

घरात दुसरी कॅसेट एकच होती. कंपनीच्या कॅसेटवर कुणी टेप करू नये म्हणून वरच्या कडेला दोन खाचा असतात. त्यात कागदाचा बोळा कोंबला की झालं, हे तेव्हा प्रत्येक घरात माहीत होतं. बकुळाच्या हातांनी ते काम तिच्या डोक्याला न विचारताच केलं. मास्तरांची नवी मिळेल बाजारात, पण बनूबाई कुठे मिळणार? तिने बटण दाबलं. बनूबाई तासभर गायली. मध्ये एकदा बकुळाने बाजू बदलली, तेवढ्यात म्हातारीने चहा मागितला. शेवटी दोन्ही बाजू भरल्या आणि 'निळी स्तब्धता' जिथून आली होती तिथे परत गेली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला जाताना बकुळा कॅम्प पाचमध्ये परसूशेठच्या कॅसेटच्या दुकानात गेली. परसूशेठ सिंधी, चाळीस वर्षं इथे, मराठी-हिंदी-सिंधीची त्याची स्वतःची एक भाषा होती.

"'निळी स्तब्धता'?" तो हसला. "अरे वो पेपरवाली! बेटी, दोन पीस आले होते. एक तुमचा मास्तर घेऊन गेला. दुसरा दोन साल पडून होता, कुणी हात लावला नाही. मागच्या महिन्यात मी त्याच्यावर भजन भरून टाकले. ते बघ, लगेच विकले."

"कल्याणला मिळेल?"

"साईं, कंपनीने बनवायचंच बंद केलं. ही कॅसेट पेपरात चालते, दुकानात नाय चालत."

बकुळाने पुढच्या दोन रविवारी कल्याण पालथं घातलं. कुठेच नाही. बहुतेक दुकानदारांनी नावही ऐकलेलं नव्हतं. सासऱ्याची जीव की प्राण असलेली वस्तू तिने नासली होती, आणि तीही कशाने, तर त्यांनी नको म्हटलेल्या धवळ्यांनी! हे कळलं की लग्न मोडणार, यात तिला शंका नव्हती. धर्मराजला सांगावं तर तो बापापुढे ब्र काढत नाही. आईला सांगावं तर ती आजारीच पडेल. ती कुणाशीच काही बोलली नाही आणि तिला चपातीसुद्धा गिळवेना.

आणि मंगळवारी निरोप आला. रविवारी सकाळी अंबरनाथच्या वाचनालयात मास्तरांचं व्याख्यान आहे, विषय 'निळी स्तब्धता', तर कॅसेट लगेच पाठवा आणि सहकुटुंब या. निरोप घेऊन धर्मराजच आला होता. बकुळाने खाचेतले बोळे काढले आणि कॅसेट त्याच्या हातात दिली. दुसरं काय करणार?

बुधवार गेला, गुरुवार गेला. मास्तरांच्या घरून काही नाही. शनिवारपर्यंत बकुळाने दाराची कडी वाजली की देव आठवायचा असं चाललं होतं. कुणी आलंच नाही.

रविवारी वाचनालयाची खोली भरली होती. बकुळा आणि राजाबाई पुढच्या ओळीत. टेबलावर वाचनालयाचा टेपरेकॉर्डर आणि त्याच्या शेजारी ती कॅसेट. अध्यक्ष धोंडिबा अण्णांनी दोन शब्द सांगतो म्हणून वीस मिनिटं घेतली, आणि मग मास्तर उभे राहिले. बकुळाने पदर मुठीत धरला.

"मित्रहो," मास्तर म्हणाले, "परवा संध्याकाळी ही कॅसेट मी पुन्हा ऐकली. दिवा मालवून, दोन्ही बाजू. आणि तुम्हाला सांगतो, तिसऱ्या गाण्याला माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

बकुळाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. परवा म्हणजे शुक्रवार. कॅसेट मंगळवारपासून यांच्याकडे. दोन्ही बाजूंना पहिल्यापासून शेवटपर्यंत बनूबाई. मग तिसरं गाणं कुठलं? पाणी कशाचं?

अगं बाई! हा माणूस चक्क थापा मारतोय!

तिच्या छातीवरून धोंडा उतरला. मास्तरांनी कॅसेट लावलीच नव्हती. चार महिने ती स्वतःला ढ समजत होती, चार महिने तिने त्या निळ्या आभाळापुढे मान खाली घातली होती, आणि इथे खुद्द पुजारीच देवळात जात नव्हता! तिला हसू आवरेना. तिने पदर तोंडात कोंबला. राजाबाईला वाटलं पोरगी भारावली, तिने प्रेमाने पाठीवर हात फिरवला.

मास्तर अर्धा तास बोलले. आशय, अवकाश, मौन, सगळं झालं. टाळ्या पडल्या. बकुळानेही मनापासून वाजवल्या. तेवढ्यात धोंडिबा अण्णा म्हणाले, "मास्तर, मशीन मांडलंच आहे. एक गाणं होऊन जाऊ दे."

बकुळाच्या टाळ्या थांबल्या.

"ही एकांतात ऐकायची गोष्ट आहे," मास्तर चाचरले.

"अहो, आम्ही एकांतासारखेच बसतो की!" अण्णा म्हणाले, आणि मंडळींनीही आग्रह धरला. मास्तरांनी कॅसेट आत सरकवली. "पहिलं अर्धं मिनिट नुसती शांतता आहे," ते म्हणाले. "संगीतकाराचं धाडस बघा." त्यांनी बटण दाबलं.

खरोखरच शांतता होती. बनूबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती ना, तेवढी. सगळ्यांनी माना झुकवल्या. लांबून एक कोंबडा आरवला. "वा!" अण्णा पुटपुटले. आणि मग टेपमधून स्पष्ट आवाज आला, "चालू झाली का गो मशीन? झाली? मंग गप बस आता." पाठोपाठ खाकरा, आणि त्यापाठोपाठ बनूबाईचा आवाज.

तो कसा होता ते सांगायला हवं. जरा फाटलेला, पण रुंद. अंगणभर पुरणारा. ती देवांना एकेक करून लग्नाला बोलावत होती, आणि कुणी येणार नाही अशी तिला शंकाच नव्हती.

खोलीत कुणी हसलं नाही. कुणी चमकलंसुद्धा नाही. अण्णा डोळे मिटून डोलत होते. "काय प्रयोग आहे!" ते म्हणाले. "मातीचा गंध आहे याला." दुसऱ्या ओळीतले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "मला कॅसेटमधला हाच भाग सगळ्यात आवडतो." एवढ्या भरलेल्या खोलीत ती कॅसेट धड ऐकलेलं एकही माणूस नव्हतं! फक्त मास्तर आधी पांढरे पडले आणि मग लाल झाले. त्यांना एवढं तरी माहीत होतं, की युगप्रवर्तक कॅसेटमध्ये कोंबडा नसावा.

आणि राजाबाई उठून उभी राहिली. "अगो बाय! ही तर आपली बनूबाय!"

झालं. सगळी डोकी वळली. मास्तरांनी टेप बंद केला. त्यांचा हात बटणावर तसाच राहिला होता, आणि त्या हाताकडे बघून बकुळाला त्यांची दया आली. खरंच आली. चार महिने आपण जसे घाबरलो तसा हा माणूस आता घाबरलाय, हे तिला दिसलं. ती उठली.

"मास्तर, चूक माझी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "तुमची कॅसेट घरीच राहिली. घाईत मी आमची दिली."

मास्तरांनी कॅसेट बाहेर काढली. लेबलवर हिरवी शाई, त्यांचंच अक्षर. त्यांनी ते वाचलं, मग बकुळाकडे बघितलं. "हो हो," ते म्हणाले. "असं होतं. घाईत होतं असं."

"मग काही बिघडलं नाही," धोंडिबा अण्णांनी टेबलावर थाप मारली. "पुढच्या रविवारी खरी कॅसेट आणा. पुन्हा व्याख्यान ठेवू. दोन्ही बाजू ऐकू, सगळे मिळून!"

बकुळाने डोळे मिटले. खरी कॅसेट आता कुठून आणायची? पण तिच्याआधी मास्तरच खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही.

"नको," ते म्हणाले. "अण्णा, नको. दोन्ही बाजू तर नकोच."

"का हो?"

"कॅसेट हीच आहे. अक्षर माझंच आहे. पोरगी मला सांभाळून घेतेय." त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "परवा मी ही लावली असती तर मला कळलं असतं. मी लावली नाही. दोन वर्षांत मी ही एकदाही शेवटपर्यंत ऐकलेली नाही. दुसऱ्या गाण्याला मला झोप लागते. मुंबईच्या पेपरात आलं होतं, म्हणून मीही लिहिलं."

आता काय होतं, म्हणून बकुळा अण्णांकडे बघत उभी.

"मला पहिल्याच गाण्याला लागते," धोंडिबा अण्णा हळूच म्हणाले.

दुसऱ्या ओळीतले गृहस्थ म्हणाले, "मी घेतलीच नाही हो. दुकानात विचारायला लाज वाटली, तिथे सगळ्यांनी ऐकलेली असणार म्हणून." आणि मग जे हसू फुटलं! एकेक जण कबुली देत होता आणि खो खो हसत होता. मागच्या भिंतीशी धर्मराज उभा होता, तो तर पोट धरून खाली बसला. "बाबा," तो तिथूनच ओरडला, "मी घरी कानात कापूस घालत होतो!" मास्तर सगळ्यांत शेवटी हसले, पण एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबवेना.

नंतर वाचनालयाच्या पायरीवर चहा आला. बकुळाने सगळं सांगून टाकलं, दिवा, गुंतलेली फीत, कागदाचा बोळा, परसूशेठचं भजन. मास्तर बशीत चहा ओतून ऐकत होते.

"रागावलात?" तिने विचारलं.

"रागावतो कसला! किती मोकळं वाटतंय तुला सांगू?" ते म्हणाले. मग त्यांना आठवलं. "पण मला तू 'खोल आहे' म्हणाली होतीस."

"तो तुमच्या लेखातला शब्द होता, मास्तर."

"अगं, तो माझाही नव्हता," मास्तर म्हणाले.

कॅसेट त्यांच्या मांडीवर होती. बकुळाने हात पुढे केला. आता ती बनूबाईची होती, म्हणजे तिचीच. मास्तरांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली. "ऐकून परत करतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बदलापूर गावात गेले, नारळ आणि लुगडं घेऊन. बनूबाईने त्यांना बराच वेळ दारात उभं ठेवलं, आणि तेवढा तिचा हक्कच होता. मग आवतान घेतलं.

महिन्याने हळद झाली. दुपारी मांडवात बनूबाई पाटावर बसली, दिवा लागला, आणि तिने बकुळाला वचन दिलेला मोठा धवळा उचलला. बायका बकुळाच्या अंगाला हळद लावत होत्या. ती वाकून बसली होती आणि तिला सुखाने रडायला येत होतं. सोयरे म्हणून मास्तर मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. पहिला धवळा संपला, दुसरा झाला. बनूबाई क्षणभर थांबली, घोटभर पाणी प्यायली, आणि ती पुढचा धवळा सुरू करायच्या आधीच मास्तरांचे ओठ हलायला लागले. मग शब्द न् शब्द तिच्याबरोबर.

बकुळाने पिवळ्या हातांनी डोळे पुसले आणि पुन्हा बघितलं. ऐकली म्हणजे, ती मनात म्हणाली. दोन्ही बाजू.